वाचकांचे प्रश्न: दसरा पावसात सापडला तर झेंडूचं काय?

या महिन्यात फुलांवरच इतकी पत्रं आलीत की टोमॅटोवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागणार, माफ करा. मी स्वतः पुरंदरकडचा, घरची शेवंती आणि ॲस्टर, मधली काही वर्षं दहा गुंठ्याचं पॉलीहाऊस करून हात पोळून घेतलेला माणूस, त्यामुळं खाली जे सांगतोय ते थोडं पुस्तकातलं आणि बरंचसं अंगावर आलेलं आहे. सगळ्या पत्रांत रड एकच, हवामानाचा नेम राहिला नाही. खरंय ते. पण कांदेवाल्याची रड वेगळी आणि फुलवाल्याची वेगळी. कांदा पंधरा दिवस मागं पडला तर चाळीत टाकता येतो, झेंडू दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फुलला तर गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. म्हणजे पावसानं माल खराब केला तो एक मार आणि माल चांगला असून तारीख चुकली तो दुसरा मार, आणि माझ्या मते दुसरा मार जास्त पैसे खातो, फक्त तो पंचनाम्यात येत नाही.

प्रश्न: गेल्या वर्षी दसऱ्यासाठी दीड एकर झेंडू केला होता. प्लॉट असा होता की बघायला लोक यायचे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जो पाऊस लागला त्यात फुलं झाडावरच काळी पडली, जी तोडली ती पुण्याला पोचेपर्यंत गोणीत गरम झाली. आडत्याची पट्टी (विक्रीचा हिशोब) बघून गाडीभाडं खिशातून भरलं. यंदा करावा का नको? (एक शेतकरी, माढा तालुका)

दादा, सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुरानं तुमच्या भागात काय केलं ते सगळ्या राज्यानं बघितलं, त्याला कुठलाच सल्ला पुरला नसता. पण त्यात एक गोष्ट होती जी आधी दिसत होती, ती म्हणजे पंचांग. २०२३ ला दसरा २४ ऑक्टोबरला होता, २०२४ ला १२ ऑक्टोबरला आणि २०२५ ला २ ऑक्टोबरला. आणि पाऊस पुण्या-मुंबईतून माघारी जायची हवामान खात्याची सरासरी तारीख आहे ८-९ ऑक्टोबरच्या आसपास. म्हणजे २ ऑक्टोबरचा दसरा हा मुळात पावसाळ्यातलाच दसरा होता, परतीचा पाऊस जोर धरतो नेमका तेव्हा तुमचा पहिला भर आला. आपण मात्र "गेल्या वर्षी अमुक तारखेला रोप लावलं होतं, साधलं होतं" असं म्हणून लावतो. यंदा, २०२६ ला, अधिक ज्येष्ठ आल्यामुळं दसरा २० ऑक्टोबरला आहे आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे कागदावर तरी पाऊस उघडल्यावर. कागदावर म्हणतो कारण ऑक्टोबर २०१९ मध्ये दिवाळीतसुद्धा पाऊस होता हे विसरलेलो नाही.

तर करा, पण दीड एकर एका दिवशी लावू नका. रोप लावल्यापासून पहिलं फूल यायला साधारण ५० ते ६० दिवस, आणि खरा भर त्याच्या पुढं आठ-दहा दिवसांनी. ढगाळ वातावरण लागून राहिलं तर हाच हिशोब आठवडाभर लांबतो आणि ऊन तापलं तर लवकर येतो. आता हे कुठं जाणार ते कुणालाच सांगता येत नाही, मग अर्धा एकर १ ऑगस्टच्या आसपास, अर्धा १० ला आणि उरलेला २० ला असं लावलं तर पहिला पुढं पळाला तरी दुसरा दसऱ्याला सापडतो, आणि तिसरा दिवाळी धरतो. लोक म्हणतात अशानं दसऱ्याचा पूर्ण पैसा हातात येत नाही. बरोबर आहे, येत नाही. पण पूर्ण पैसा जायचाही नाही, आणि गेल्या वर्षीची पट्टी अजून तुमच्या खिशात असेल तर ती काढून बघा.

दुसरं, पाणी. झेंडूला पाऊस वरून बाधतो त्यापेक्षा खालून जास्त बाधतो. सरी-वरंब्यावरचा झेंडू दोन दिवस पाण्यात उभा राहिला की मुळ्या गुदमरतात, मग मर लागते, आणि आपण तिसऱ्या दिवशी औषध घेऊन धावतो. फूटभर उंचीचा गादीवाफा, वर मल्चिंग, आणि प्लॉटच्या खालच्या अंगाला पाणी बाहेर काढणारा चर, हा चर जून महिन्यातच काढायचा कारण सप्टेंबरमध्ये जेसीबी प्लॉटात घालता येत नाही. (मी एकदा रात्री अकरा वाजता टॉर्च लावून फावड्यानं चर काढलेला आहे, सकाळी बघितलं तर तो उताराच्या उलटा काढला होता.) बांबू आणि सुतळी लावून झाडं बांधून घ्या, भिजलेलं फूल दुप्पट जड होतं आणि फांद्या बुडातून फाटतात. युरियाचा हात आवरा, काळोखी आलेला लुसलुशीत प्लॉट दिसायला झकास पण करपा पहिल्यांदा त्याच्यावर बसतो.

आणि पावसात तोडा करायची वेळ आलीच तर गोणी विसरा. ओलं फूल गोणीत दाबलं की आतून तापतं, चार-सहा तासांत पाकळ्या चिकटतात आणि वास मारायला लागतात. शेडमध्ये ताडपत्रीवर पातळ पसरून पंखा लावा, पाणी निथळलं की जाळीच्या क्रेटमध्ये भरा. क्रेटचं भाडं लागतं, परत आणायची कटकट आहे, मान्य. पण त्याच दिवशी बाजारात जो कोरडा माल येतो त्याला काय दर मिळतो ते विचारून बघा, कारण पावसाच्या दिवसात कोरडा झेंडू ही वेगळीच जात असते.

प्रश्न: आमच्याकडे पवनमावळात पंधरा गुंठे डच गुलाब आहे. व्हॅलेंटाइनसाठी दरवर्षी डिसेंबरच्या मध्यावर कटिंग (छाटणी) घेतो. एका वर्षी माल २० जानेवारीलाच उमलून गेला, पुढच्या वर्षी थंडीनं १४ फेब्रुवारी उलटून गेल्यावर आला. कटिंगची नक्की तारीख कोणती धरायची? (एक तरुण शेतकरी, मावळ तालुका)

नक्की तारीख मी सांगितली तर मी खोटारडा. तुमच्याकडं कटिंगपासून तोडणीपर्यंत ४५ ते ५० दिवस धरतात, परदेशी जाणारा माल जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून निघतो, आणि देशातल्या बाजारासाठी १० फेब्रुवारीच्या आसपास शेवटची गाडी. पण ते ४५ दिवस कॅलेंडरचे नाहीत, उबेचे आहेत. गुलाबाला रात्री १५-१६ अंश आणि दिवसा २५ ते २८ मिळालं तर तो वेळेत चालतो. मावळात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० च्या खाली जाऊन बसला की कळी नुसती बघत राहते, आणि ढग येऊन रात्री १८-१९ वर राहिल्या की आठ दिवस आधीच लाल होऊन मोकळी. आता गंमत अशी की एकाच डिसेंबरात दोन्ही होतं, पहिला आठवडा ढगाळ आणि उबदार, मग उत्तरेचं वारं सुटून कडाका.

म्हणून तुमच्या पंधरा गुंठ्यांचे तीन भाग करा आणि पाच-पाच दिवसांच्या अंतरानं कटिंग घ्या. हे तुम्हाला माहीत असणार, पण मजूर एकदाच मिळतो म्हणून कुणी करत नाही. करा.

मग पडद्यांचा खेळ. थंडीत साइडचे पडदे संध्याकाळी चार-साडेचारला, म्हणजे ऊन असतानाच खाली सोडायचे, दिवसाची ऊब आत कोंडून राहते आणि पहाटेचे दोन-तीन अंश वाचतात. सात वाजता सोडले तर थंडीच कोंडून ठेवली. पण इथं एक मेख आहे आणि बरेच जण त्यात फसतात, रात्रभर बंद ठेवलेल्या पॉलीहाऊसमध्ये पहाटे प्लास्टिकला आतून पाणी सुटतं आणि ते पानांवर टपकतं, आणि थंड ओलं पान म्हणजे डाउनीला (केवडा रोगाला) आमंत्रण. जांभळट-तपकिरी डाग पडून पानं हात लावला की गळायला लागली तर ती डाउनी, आणि ती एकदा शिरली की व्हॅलेंटाइन विसरायचा. त्यामुळं सकाळी ऊन पडल्या पडल्या पडदे वर, आठ-साडेआठला तरी, ती दमट हवा बाहेर गेली पाहिजे. ड्रिप सकाळीच सोडा, संध्याकाळी नको. ऊब मिळवताना ओल वाढते आणि ओल घालवताना ऊब जाते, यातलं कुठलं किती ते दररोज बघून ठरवायचं, याचं टाइमटेबल होत नाही.

माल पुढं पळतोय असं दिसलं तर दुपारी ११ ते ३ शेडनेट ओढा, फॉगर थोडा वेळ चालवा, कळ्यांना कॅप घाला, कॅपनं कळी मोठी होते आणि उमलणं थोडं आवरतं. तोडलेला माल लगेच पाण्यात आणि २ ते ४ अंशाच्या कोल्ड रूममध्ये, त्यानं काही दिवस मिळतात. माल मागं राहिला तर मात्र हातात फार नाही. खतं वाढवून कळी पळत नाही, तो गैरसमज आहे आणि त्याच्यावर दुकानदार जगतात. मागं राहिलेल्या मालाला लग्नसराईचा आडत्या आधीच बोलून ठेवा, फेब्रुवारी-मार्चच्या तिथी बघून.

आणि बाजारात एक किमान-कमाल तापमापक मिळतो, तो कळीच्या उंचीवर टांगा आणि रोज सकाळी वहीत दोन आकडे लिहा. तीन वर्षांनी ती वही तुम्हाला कटिंगची तारीख सांगेल, माझ्यापेक्षा बरी.

प्रश्न: कार्नेशनची फुलं खालून फाटून बाहेर पडताहेत, बाजारात कुणी घेत नाही. रोग आहे का? (नाशिकहून)

रोग नाही. दिवसा कडक ऊन आणि रात्री एकदम गारठा असा फरक वाढला की कळीत पाकळ्या जास्त भरतात आणि बाहेरचा हिरवा पेला फाटतो. बोरॉन कमी असलं तरी असंच होतं, त्यामुळं एकदा पान तपासणी करून घ्या. रात्रीचे पडदे सांभाळा, आणि लग्नाच्या ऑर्डरचा माल असेल तर कळी रंग दाखवायला लागल्यावर पेल्याला बारीक रबर लावून घ्या. मजुरी जाते, पण फाटलेल्या फुलाला ग्रेडच नसते.

प्रश्न: शेवंती एवढी वाढलीये की कमरेला लागते, पण ऑक्टोबर संपत आला तरी कळी नाही. शेजारच्या प्लॉटला आलीये. आमच्याकडं पांढरी शेवंती आहे, ती मागच्या वर्षी डिसेंबरात गुलाबी झाली म्हणून भाव पाडला. रोपवाटिकेनं फसवलं का? (एक ताई, दौंड तालुका, हे पत्र गेल्या दिवाळीत आलं होतं, उत्तराला उशीर झाला)

ताई, माफी आधी मागतो, पत्र फायलीत राहिलं. पण प्रश्न यंदाच्या लागवडीलाही लागू आहे म्हणून घेतलाय.

शेवंतीला दिवस लहान झाल्याचं कळलं की कळी धरते, म्हणून तर ती दसरा-दिवाळीला येते. पण दिवस लहान होणं पुरत नाही, रात्रही जरा गार लागते. सप्टेंबरअखेर पाऊस उघडला आणि ऑक्टोबर हीट लागून रात्री उबदार राहिल्या की दिवस कितीही लहान असू दे, ती कळी धरायला टाळाटाळ करते आणि नुसती उंच होत जाते. शेजाऱ्याची जात वेगळी असेल, किंवा लागवड आधीची. आणि एक विचारतो, तुमच्या बांधावर रोडचा दिवा किंवा हॉटेलचा फ्लडलाइट आहे का? हसू नका, आमच्याकडं हायवेला लागून असलेल्या एका प्लॉटात पहिल्या पाच सरी कधीच वेळेत फुलत नव्हत्या आणि आम्ही दोन वर्षं जमिनीला दोष देत होतो. रात्रीचा उजेड पडला की झाडाला वाटतं दिवस अजून मोठाच आहे. कित्येक शेतकरी हेच मुद्दाम करतात, रात्री १० ते २ बल्ब लावून कळी थोपवून धरतात आणि मग बल्ब बंद करून पाहिजे त्या महिन्यात फूल काढतात. उजेड आपल्या हातात आहे, ऊब नाही, ही त्यातली अडचण. बल्ब बंद केल्यानंतर गरम रात्री आल्या तर तुमचा सगळा हिशोब आठ-दहा दिवस इकडं-तिकडं.

गुलाबी झाली म्हणून रोपवाटिकेशी भांडू नका. पांढऱ्या शेवंतीच्या पुष्कळ जातींवर थंडी पडली की पाकळीत गुलाबी छटा येते, तो झाडाचा स्वभाव आहे, रोप खोटं नव्हतं. डिसेंबरच्या कडाक्यात फूल जास्त उमलू न देता थोडं लवकर तोडलं तर छटा कमी दिसते. नाहीतर तेव्हाच्या हंगामाला पिवळी ठेवा, पिवळीवर हे दिसत नाही. माझी आई त्या गुलाबी झालेल्या शेवंतीच्या वेण्या करून घरच्या घरी वाटायची, म्हणायची बाजारला आवडत नाही तर नको, आपल्याला आवडते.

ढगाळ दिवसांत मावा बघत जा, शेंड्यापाशी आणि पानामागं. आणि यंदा काश्या (जुन्या झाडाच्या बुडाला फुटलेली रोपं) लावताना सखल जागा सोडून द्या. शेवंती झेंडूपेक्षाही पाण्याला नाजूक, दोन दिवस पाणी साचलं की पिवळी पडून बसते, मग वाफसा आला तरी उठत नाही.

प्रश्न: जुन्नरमध्ये वीस गुंठे जरबेरा करायचा विचार आहे. बँक कर्ज द्यायला तयार आहे. वडील म्हणतात वादळात पॉलीहाऊस उडून जातं, त्यांनी निसर्ग वादळात बघितलंय. खरंच एवढा धोका आहे का?

वडिलांचं ऐका, म्हणजे करू नका असं नाही, पण त्यांनी जे बघितलं ते डोक्यात ठेवून करा. ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा होता, घाट चढून मावळ, मुळशी, जुन्नरकडं आलं तेव्हा जोर कमी झाला होता तरी पॉलीहाऊसं पडली. तेव्हा लॉकडाऊनमुळं आधीच फुलं उकिरड्यावर चालली होती, वर हे. माझं दहा गुंठ्याचं त्याच दिवशी गेलं. प्लास्टिक जाणारच होतं, त्याचं मला वाईट वाटलं नाही, पण पाइप वाकले, आणि नंतर बघितलं तर ठेकेदारानं पाया सांगितला होता त्यापेक्षा कमी खोल घेतला होता आणि मी तेव्हा उभा राहून मोजला नव्हता. चूक त्याची अर्धी, माझी अर्धी.

तर तुम्ही उभे राहून मोजा. पाइपची जाडी, पायाचा खड्डा, काँक्रीट, सगळं करारात लिहून घ्या आणि खड्डे भरायच्या आधी टेपनं बघा. वरची खिडकी वाऱ्याच्या पाठीकडं उघडणारी पाहिजे, आपल्याकडं पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो, खिडकीचं तोंड तिकडं ठेवलं तर वारा आत शिरतो आणि प्लास्टिक पतंगासारखं उचलतो. पॉलीहाऊस बाहेरच्या वाऱ्यानं कमी आणि आत शिरलेल्या वाऱ्यानं जास्त मोडतं. त्यामुळं वादळाचा इशारा आला की सगळे पडदे बंद, पडद्याच्या खालची बाजू मातीत दाबलेली, प्रोफाइलमधल्या (प्लास्टिक धरून ठेवणाऱ्या पट्टीतल्या) स्प्रिंगा एकदा फिरून तपासलेल्या. पश्चिम अंगाला सुरूच्या झाडांची किंवा शेवरीची ताटी लावा, पण सावली पडणार नाही एवढी लांब. आणि अगदी गळ्याशी आलंच तर काही जण विळ्यानं प्लास्टिक फाडून टाकतात म्हणजे वारा पार होतो आणि सांगाडा वाचतो. ऐकायला सोपं आहे, हजारो रुपयांचं प्लास्टिक स्वतःच्या हातानं फाडायला काळीज लागतं. मला ते जमलं नव्हतं.

सांगाड्याचा आणि प्लास्टिकचा विमा जनरल इन्शुरन्स कंपन्या देतात, बँक तो घ्यायला लावतेच, पण पॉलिसीत वादळ आणि गारपीट दोन्ही लिहिलंय का आणि प्लास्टिकचा घसारा किती धरणार हे सही करायच्या आधी वाचा.

जरबेऱ्याबद्दल एवढंच की एप्रिल-मेमध्ये उष्णतेनं दांडा आखूड होतो, कोळी कीड आणि पांढरी माशी वाढते, फूल बारीक येतं. यंदा तर १७ मे ते १५ जून अधिक महिना म्हणून लग्नंच नव्हती, ज्यांनी त्या महिन्यात खर्च करून फूल ओढलं ते गोत्यात आले असतील. असा महिना झाडाला विश्रांती द्यायचा असतो, जुनी पानं काढायची, फुलांच्या कळ्या खुडायच्या. बँकेच्या हप्त्याला विश्रांती नसते हे मला माहीत आहे, म्हणूनच वीसऐवजी दहा गुंठे करा असं मी म्हणेन.

प्रश्न: फुलपिकाला पीक विमा आहे का? (बरीच पत्रं)

राज्यात हवामानावर आधारित जी योजना आहे ती फळपिकांची आहे, डाळिंब, द्राक्ष, केळी, आंबा वगैरे. झेंडू, शेवंती, निशिगंध त्यात नाहीत, आणि खरिपाच्या पीक विम्याच्या यादीतही नाहीत. राहते ती अतिवृष्टीची सरकारी मदत, त्याला ३३ टक्क्यांवर नुकसान आणि पंचनामा लागतो. इथं एक काम मात्र तुमच्या हातात आहे, ई-पीक पाहणीत फुलपीक नोंदवा. मोबाइलवरून दहा मिनिटांचं काम आहे. सातबाऱ्यावर "पडीक" किंवा गेल्या वर्षीचा सोयाबीन दिसत असेल तर तलाठी झेंडूचा पंचनामा कशाच्या जोरावर करणार? फोटो काढून ठेवा, नुकसान झाल्यावरचे सगळेच काढतात, पण प्लॉट चांगला असतानाचेही काढा.

प्रश्न: मोबाइलवर चार ॲप आहेत, चौघांचा पाऊस वेगळा. कुणावर विश्वास ठेवायचा?

हवामान खात्याचं मेघदूत ठेवा, त्यावर जिल्ह्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, विजांसाठी दामिनी. बाकी दोन काढून टाका, चार घड्याळं घातलेल्या माणसाला वेळ कळत नाही. तुमच्या महसूल मंडळात महावेध प्रकल्पाचं स्वयंचलित हवामान केंद्र असेल, प्रत्यक्ष पडलेला पाऊस तिथला धरा. पाच दिवसांचा अंदाज फवारणीसाठी आणि तोड्यासाठी वापरायचा, पंधरा दिवसांच्या अंदाजावर लागवड ठरवू नका. उद्या दुपारून पाऊस म्हणत असतील तर आज संध्याकाळी आणि उद्या पहाटे दोन तोडे घ्या, फूल थोडं कमी उमललेलं चालेल.

प्रश्न: दसऱ्याला ठाण्यात दीडशे रुपये मोजून झेंडू घेतला, दुसऱ्या दिवशी तोरण काळं. शेतकरी फसवतात का? (एक गृहिणी, ठाणे)

नाही हो ताई, शेतकऱ्याला त्यातले किती मिळाले हे विचारलंत तर तुम्हीच चहा पाजाल. ते फूल पावसात तोडलेलं होतं. पुढच्या वेळी घरी आणल्या आणल्या पिशवीतून काढा, पेपरवर पसरा, पंख्याखाली दोन तास. ओलंच तोरण ओवलं की दोऱ्यापासून काळं पडायला लागतं. आणि मग कंटाळून प्लास्टिकची माळ आणू नका, एवढी विनंती.

प्रश्न: झेंडूच्या जुगाराला कंटाळलो. निशिगंध करावा म्हणतो. तो तरी हवामानाला टिकतो का? (नगर तालुक्यातून)

झेंडूपेक्षा टिकतो. त्याला एका सणाची तारीख नाही हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. एकदा कंद लावले की तीनेक वर्षं चालतो, उन्हाळा बऱ्यापैकी सोसतो, रोज थोडं थोडं फूल निघतं, एखादा आठवडा पावसानं खाल्ला तरी पुढचा आठवडा असतो. हारवाल्यांना सुटं फूल लागतं त्याला सिंगल म्हणजे एकेरी पाकळ्यांची जात, प्रज्वल किंवा राहुरी विद्यापीठाची फुले रजनी बघा, दांडे विकायचे असतील तर डबल. डिसेंबर-जानेवारीत थंडीनं फूल एकदम कमी येतं, पण तेव्हा सगळ्यांचंच कमी येतं म्हणून दर हातात असतो. रोजच्या तोड्याला पहाटे उठणारी दोन माणसं घरात पाहिजेत, मजुरावर निशिगंध होत नाही.

लागवडीचा काळ मार्च ते मे, म्हणजे यंदाचा गेला. यंदा झेंडू तीन टप्प्यांत करा आणि मार्चसाठी दहा गुंठे निचऱ्याची जमीन राखून ठेवा. कंद घ्यायचे ते चांगल्या चालू प्लॉटातले, प्लॉट फुलावर असताना स्वतः जाऊन बघून ठेवलेले. मोठे, साधारण २५-३० ग्रॅमचे घ्या. बुडाशी अंगठ्यानं दाबून बघा, मऊ लागला तर बाजूला काढा, पोत्यात एक सडका असला की मार्चपर्यंत अर्धं पोतं जातं.